दाणे चुकवत जपान

नरिता विमानतळाला सगळे टोकियोचा विमानतळ म्हणतात, पण तो टोकियोत नाही, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. जपानात पिकणाऱ्या भुईमुगाचा जवळपास ऐंशी टक्के हिस्सा या एकट्या चिबातून येतो. ही माहिती मुलाने मला विमान खाली यायला लागल्यावर, पट्टा बांधून बसलेली असताना दिली. "आई, आपण सरळ शेंगदाण्याच्या शेतात उतरतोय," एवढं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला. विमानतळावरच्या दुकानात त्याचं म्हणणं खरं ठरलं. शेंगेच्या आकाराच्या मोनाकांची खोकी रचून ठेवली होती. मोनाका म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत पापडीत भरलेलं गोड सारण. इथल्या सारणात दाणे.

मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. चिमूटभर कूट पोटात गेलं तरी आधी ओठांना मुंग्या येतात, मग अंगावर गांधी उठतात, घसा आवळायला लागतो. पुढचं सांगण्यासारखं नाही. डॉक्टर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. मराठी घरात हे दुखणं घेऊन जन्माला येणं हा दैवाचा एक विनोदच आहे. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, आळूच्या भाजीत दाणे, उपास केला तर खिचडीत दाणे आणि वर आमटीही दाण्याची. लग्नाच्या पंगतीत मी मीठ, लिंबू, वरण, भात आणि तूप यांवर जेवते. वाढपी विचारतो, "काकू, भाजी नको?" मी दाण्यांचं सांगितलं की हमखास उत्तर येतं, "दाणे नाहीत हो, नुसतं कूट आहे."

त्यामुळे मी परदेशी जाते म्हटल्यावर घरच्यांना काळजी, आणि मला थोडी सुटकाही. जपानी रोजच्या स्वयंपाकात दाणे जवळजवळ नसतात. सोया, तीळ, मासे, तांदूळ, समुद्री शेवाळ. यातलं मला काहीच वर्ज्य नाही. अडचण एवढीच की जिथे दाणे असतात तिथे ते आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीत असतात.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, सेमिस्टरची सुट्टी होती, नवऱ्याला रजा नव्हती. म्हणून आम्ही दोघंच निघालो, आणि तयारीचा मक्ता मुलाने घेतला. माझी तयारी जुन्या वळणाची: ॲड्रिनॅलिनची दोन पेनं, डॉक्टरांचं पत्र, गोळ्या. ही पेनं म्हणजे एका ठरलेल्या मात्रेचं तयार इंजेक्शन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, कपड्यावरूनही चालतं. भारतात ती सहज मिळत नाहीत, परदेशातून मागवावी लागतात. नाहीतर ॲम्पूल आणि सिरिंज जवळ बाळगायची आणि घसा आवळत असताना हात थरथरू द्यायचा नाही. मुलाची तयारी सगळी फोनमध्ये होती. एक ॲप पाकिटावरचा बारकोड वाचून त्यात शेंगदाणे आहेत की नाहीत ते सांगणार, दुसरं कॅमेरा धरला की जपानी मजकूर इंग्रजीत दाखवणार. शिवाय पहिल्या ॲपमध्येच एक कार्ड: मला काय चालत नाही, एकाच तेलात तळलेलं का चालत नाही, आणि मी कोसळले तर 119 ला फोन करा, हे सगळं जपानीत, मोठ्या अक्षरांत. "आता तुला कुणाला काही विचारायलाच नको," तो म्हणाला. मी आयुष्यभर विचारतच जगत आले आहे. मी गप्प बसले.

टोकियोतली आमची शाळा म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरची कोंबिनी, चोवीस तास उघडी राहणारी छोटी दुकानं. पांढऱ्या दिव्यांखाली भाताचे त्रिकोणी ओनिगिरी, सँडविच, पुडिंग, गरम कॉफी. मुलगा एकेक वस्तू उचलून बारकोड फोनला दाखवी. जपानी मालाचे आकडे 45 किंवा 49 ने सुरू होतात, आपले 890 ने. हे त्याने मला शिकवलं आणि मग येताजाता आकडे बघण्याचा मला नादच लागला. पण बारकोडमध्ये आकड्यापलीकडे काही नसतं. आत काय आहे ते त्या काळ्या रेघांत कुठेही लिहिलेलं नसतं. तो आकडा फोन एका यादीत शोधतो, आणि त्या यादीत कुणीतरी कधीतरी ते पाकीट हातात धरून, फोटो काढून माहिती भरलेली असेल तरच उत्तर येतं. अशा बऱ्याच याद्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. कोंबिनीतला माल तर दर काही आठवड्यांनी बदलतो, हंगामाप्रमाणे नवे प्रकार येतात. पडद्यावर सारखं उमटू लागलं: ही वस्तू सापडली नाही. भुकेल्या माणसाला हे उत्तर वाचायला फार वेळ लागत नाही.

न सापडणं तसं निरुपद्रवी. एकदा मात्र एका चॉकलेट बिस्किटाला ॲपने हिरवी खूण दिली. मुलगा पैसे द्यायला निघाला होता, आणि जाता जाता सहज त्याने दुसऱ्या ॲपचा कॅमेरा पाकिटाच्या मागे धरला. यादीच्या अगदी शेवटी कंसात गहू, दूध, सोया आणि शेंगदाणे. कंपनीने मधल्या काळात कृती बदलली असावी. आकडा तोच राहिला, यादीतली नोंदही जुनीच राहिली. मुलाने पाकीट फडताळात परत ठेवलं, पण त्याआधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ॲपवर चढवला. पुढे तो हे काम रोज करू लागला. रात्री हॉटेलात बसून तो दिवसभरातल्या पाकिटांची माहिती भरत असे. माझ्यासाठी आणलेल्या ॲपची चाकरी शेवटी त्यालाच करावी लागली.

त्या कंसाबद्दल सांगायला हवं, कारण आमचा जपान त्या कंसावर चालला. पाकिटातल्या पदार्थावर ॲलर्जीकारक घटक लिहिण्याची सक्ती जपानमध्ये 2002 पासून आहे. कोळंबी आणि खेकडा 2008 मध्ये त्या यादीत आले, अक्रोड 2023 मध्ये. त्याबरोबर सक्तीचे घटक आठ झाले: अंडं, दूध, गहू, सोबाचं पीठ, शेंगदाणे, कोळंबी, खेकडा, अक्रोड. सोबा म्हणजे आपलं उपासाचं कुट्टू. आणखी वीस घटक लिहावेत अशी शिफारस आहे. एका ग्रॅममध्ये त्या घटकाचं प्रथिन काही मायक्रोग्रॅम असलं तरी ते लिहावं लागतं. पाकीट अगदी चिमुकलं असेल तर बाकीचा काही मजकूर गाळायची मुभा मिळते, ॲलर्जीचा नाही.

मला सगळ्यात आवडला तो वेगळाच नियम. "यात अमुक असू शकेल" असं मोघम छापायला तिथे परवानगी नाही. आपल्याकडे बिस्किटापासून मसाल्यापर्यंत "अंश असू शकतात" हे वाक्य छापून कंपन्या मोकळ्या होतात, आणि माझ्यासारखीने त्या वाक्यावर जीव टाकायचा की उपाशी राहायचं हे तिचं तिने ठरवायचं. जपानमध्ये वस्तुस्थिती लिहितात: या कारखान्यात शेंगदाण्याचे पदार्थही बनतात. एवढं कळलं की निर्णय घेता येतो. कॅमेऱ्यातलं भाषांतर कधी चकाकत्या कागदामुळे चुके, कधी सुरकुतीत अडके, आणि दुकानातल्या उभ्या लिहिलेल्या पाट्यांवर तर वाटेल ते बोले. पण दाण्यांसाठी छापतात ती तीन चिनी अक्षरं आम्ही चित्रासारखी पाठ करून टाकली. मग फोन खिशात राहिला आणि डोळेच आधी कंसाकडे जाऊ लागले.

पाकिटाबाहेरचं जग मात्र निराळं. हा कायदा हॉटेलांना लागू नाही. मोठ्या साखळी हॉटेलांत घटकांचे तक्ते मिळतात, टेबलावरच्या टॅबलेटवर इंग्रजीतही असतात. छोट्या ठिकाणी मालक आणि त्याची समज. असाकुसाच्या एका गल्लीत आम्ही वाफाळत्या करीच्या वासाने आत शिरलो. जपानी करीच्या तयार मसाल्याच्या वड्यांमध्ये काही वेळा शेंगदाण्याची पेस्ट असते, म्हणून मी फोनवरचं कार्ड पुढे केलं. वाढणाऱ्या मुलीने ते वाचलं, आत नेलं. स्वयंपाकी बाहेर आला, टोपी काढली, कार्ड पुन्हा वाचलं, आणि दोन्ही हातांची फुली करून वाकला. मग त्याने स्वतःच्या फोनवर लिहून दाखवलं: आमच्या मसाल्यात नाहीत, पण कढई एकच आहे, तुम्ही इथे जेवू नये. दारापर्यंत सोडायला आला.

मुलगा नाराज झाला. म्हणाला, "चाललं असतं की." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. मला आजवर किती स्वयंपाकघरांनी "काही होत नाही हो" असं सांगितलं आहे! नाही म्हणणारं स्वयंपाकघर मला विश्वासाचं वाटतं. या सावधपणामागे दुखऱ्या आठवणीही आहेत. 2012 च्या डिसेंबरात टोकियोजवळच्या चोफू शहरात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली एक मुलगी शाळेच्या जेवणातल्या चीज घातलेल्या धिरड्याने दगावली. त्यानंतर शाळाशाळांत पेन कधी आणि कसं टोचायचं याच्या प्रशिक्षणावर भर आला.

टोकियोच्या एदोगावा भागात निशि-कासाई नावाची वस्ती आहे. तिथे इतके भारतीय राहतात की स्टेशनबाहेर पडल्यावर हिंदी, तमिळ, मराठी कानावर पडते. 2019 मध्ये एदोगावाच्या नगरपरिषदेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. माझा मावसभाऊ इथे राहतो. त्याच्याकडे जेवायला गेलो आणि लक्षात आलं की साऱ्या टोकियोत माझ्यासाठी सगळ्यात धोक्याची जागा हीच. ओट्यावर लसणाची चटणी, फडताळात चिवडा, आणि पुण्याहून आलेल्या स्टीलच्या डब्यात दाण्याचं कूट. स्टीलच्या डब्याला बारकोड नसतो. मुलगा फोन खिशात घालून मुकाट बसला.

वहिनीने मात्र कमाल केली होती. तिने आदल्या दिवशीच मला फोन करून कोणतं तेल चालेल ते विचारलं होतं. हा प्रश्न फार कमी लोकांना सुचतो. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं. हल्ली आपल्याकडे घाण्याच्या तेलाची जी लाट आली आहे, तिने बाकीच्यांच्या तब्येतीचं भलं केलं असेल, माझं जेवण आणखी आकसलं. वहिनीने कुटाचा डबा आणि मिक्सरचं भांडं बाल्कनीत नेऊन ठेवलं होतं, नवीन पळी काढली होती, कोशिंबिरीला खोबरं घातलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. कोशिंबीर दोनदा घेण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात क्वचितच येतो.

टोकियोहून शिनकान्सेन या वेगवान गाडीने अडीच तासांत कनाझावा. फेब्रुवारी तोंडावर आलेला, सगळीकडे बर्फ. केनरोकुएन बागेत पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून बुंध्याशी रोवलेल्या खांबाच्या टोकापासून दोऱ्या ताणून त्या तोलून धरलेल्या. दुरून नुसत्या काड्यांच्या उघड्या छत्र्या दिसतात. ओमिचो बाजारात खेकड्यांचा हंगाम. पण मी इथे आले होते एका माणसासाठी, आणि हा हट्ट माझा होता, ॲपचा नव्हे.

जोकिची ताकामिने. जन्म 1854, जवळच्याच ताकाओकाचा, वाढला कनाझावात. वडील वैद्य, आईचं माहेर साके गाळणाऱ्यांचं. ग्लासगोत शिकला, अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि अमेरिकेत जाऊन राहिला. आजोळच्या धंद्यातली कोजी बुरशी त्याने औषधाच्या कामी आणली आणि तिच्यापासून पचनाला मदत करणारं ताका-डायस्टेज काढलं. मग 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत त्याने आणि केइझो उएनाका या त्याच्या तरुण सहायकाने जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून एक द्रव्य शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं केलं. तेच ॲड्रिनॅलिन. पार्क-डेव्हिस कंपनीने ते बाजारात आणलं. वॉशिंग्टनमधली प्रसिद्ध चेरीची झाडं 1912 मध्ये जपानकडून भेट गेली, त्यांचा खर्चही याच ताकामिनेने उचलला होता. चेरीच्या झाडांमुळे त्याचं नाव घेणारे पुष्कळ आहेत. माझ्या हिशेबी त्याचं काम माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

त्याच्या घराचा काही भाग कनाझावा किल्ल्याजवळच्या, ओमिचोपासून चालत जाता येईल अशा एका छोट्या बागेत हलवून जपला आहे. गर्दी नाही. लाकडी खोल्या, तातामीच्या चटया, बाहेर बर्फ. मी तिथे बराच वेळ थांबले. मुलाने इथेच एक घोटाळा केलेला मला सापडला. थंडी वाजते म्हणून त्याने माझ्या कोटाच्या आतल्या खिशात काइरो सरकवला होता. काइरो म्हणजे हवा लागली की तापणारी लोखंडाच्या भुकटीची पुडी; जपानी लोक थंडीत अंगावर वागवतात. ती हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि पेन ठेवायचं असतं वीस ते पंचवीस अंशांत. गोठू द्यायचं नाही, तापू द्यायचं नाही. मी पुडी काढून दुसऱ्या खिशात घातली. आमच्या ॲपमध्ये पेनाची मुदत संपायची आठवण करून देण्याची सोय होती, ते कुठल्या खिशात आहे हे विचारणारी नव्हती.

मग ओमियाला गाडी बदलून सेंदाई. इथे झुंदा खाल्लं, म्हणजे कोवळ्या हिरव्या सोयाबीनच्या वाटणात लोळवलेला मोची, तांदळाचा चिकट गोळा; मला बेधडक खाता येणारं गोड म्हणून मी ते सकाळ-संध्याकाळ खाल्लं. पण आम्ही पोचलो ते सेत्सुबुनच्या तोंडावर. हिवाळा संपल्याचा हा सण बहुधा 3 फेब्रुवारीला येतो. भुताचा मुखवटा घातलेल्या माणसावर भाजलेले सोयाबीन फेकायचे, भुतं बाहेर आणि सुदैव घरात असं ओरडायचं. टोकियोकडे सोयाबीन. पण इकडे उत्तरेच्या तोहोकूत आणि होक्काइदोत बऱ्याच ठिकाणी सोयाबीनऐवजी सालासकट भुईमुगाच्या शेंगा उधळतात. बर्फात पडलेली शेंग सहज दिसते, सापडते आणि सोलून खाता येते. कारण अगदी व्यवहारी, तक्रारीला जागा नाही. सुपरमार्केटात लाल मुखवट्यांशेजारी शेंगांच्या पिशव्यांचे ढीग होते. आमच्या हॉटेलच्या स्वागतकक्षातही पाहुण्यांसाठी टोपलीभर शेंगा ठेवलेल्या.

मुलाने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फोन न काढता सरळ काउंटरवर गेला. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत त्याने सगळं सांगितलं. नाश्त्याच्या भांड्यांजवळ शेंगा ठेवू नका, एवढंच मागितलं. काउंटरवरच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि टोपली उचलून आत नेली. मी म्हटलं, राहू द्या, नुसत्या वासाने मला काही होत नाही. वासात प्रथिन नसतं, ते पोटात जावं लागतं. पण त्या ऐकेनात. देवळात शेंगा उधळतात ते बघायला मी गेले, लांब कठड्यापाशी उभी राहिले. हात पसरून शेंगा झेलणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघून मला पहिल्यांदाच दाण्यांचा राग आला नाही. मुलाने एकही शेंग झेलली नाही. मी झेल म्हटलं होतं, फक्त नंतर हात साबणाने धू; सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन जात नाही.

कुणी विचारलं की ॲप घ्यावं का, तर माझं उत्तर आहे, जरूर घ्यावं. न वाचता येणाऱ्या लिपीत कॅमेऱ्याने मला पोटभर जेवू घातलं, आणि फोनवरचं कार्ड दाखवल्यावर समोरचा माणूस माझं म्हणणं गंभीरपणे घेई. फक्त हिरव्या खुणेवर पाकीट फोडू नये. मागचा मजकूर स्वतः वाचावा. भारतातल्या पाकिटांवरही ॲलर्जीकारक घटक लिहिणं एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनी बंधनकारक केलं आहे, त्यात शेंगदाणे आहेत, तीळ मात्र नाहीत. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनीही ॲलर्जीची माहिती द्यायची आहे. तेव्हा अशा हॉटेलात गेलात तर ॲलर्जी नसली तरी एकदा तो तक्ता मागा. चार लोकांनी मागितला तरच तो ड्रॉवरमधून बाहेर येईल.

आणि तुमच्या घरी आलेला पाहुणा दाणे चालत नाहीत म्हणाला, तर त्याला "थोडंसंच आहे" म्हणू नका. भाजीत काय घातलंय, तेल कुठलं आहे आणि कुटाचा चमचा त्याच पातेल्यात फिरला का, तेवढं सांगा. पुढचं तो बघून घेईल.